कोऱ्या वस्तूंचं घर

खोळकाकूंच्या घरी कुणी आलं की आधी आवाज यायचा. सोफ्यावर बसलं की करकर, खुर्चीला टेकलं की करकर, टेबलावर कोपर ठेवलं की ते चिकटायचं आणि उचलताना पुन्हा करकर. दारातल्या पायपुसण्यावरसुद्धा प्लॅस्टिक शिवलेलं होतं. पायपुसण्याला प्लॅस्टिक घातल्यावर त्याला पाय पुसायचे कसे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. माणसं पाय पुसल्यासारखं करायची आणि आत यायची. खरं सांगायचं तर आत येणारी माणसं दर वर्षी कमीच होत चालली होती.

काकूंचा धंदाच खोळी शिवायचा. सोफ्याच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, मिक्सरच्या. एकदा तर एका गिऱ्हाइकाने ट्रम्पेट आणून दिला होता, त्याचीही त्यांनी झिप लावून खोळ करून दिली. हात असा की खोळ बसली म्हणजे बसली, एक सुरकुती दिसणार नाही. कडेचं पायपिंग आखल्यासारखं सरळ, झिप नेहमी मागच्या बाजूला. त्यांच्या हाताला कुणी नावं ठेवली नाहीत. घराला मात्र ठेवायची, पण ती जिना उतरून गेल्यावर.

याला कारण होतं. काकूंची आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायची. घरात जे काही यायचं ते कुणाचं तरी वापरून झालेलं असायचं. कपाला कान नसायचा. फ्रॉकच्या आतून दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलेलं असायचं. उशीला परक्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा, आणि त्या वासात झोपायचं. दहाव्या वर्षी काकूंनी मनाशी ठरवून टाकलं, की मी घेईन ते कोरं घेईन आणि कोरंच ठेवीन. यातल्या पहिल्या अर्ध्या निश्चयाने कुणाचंच काही बिघडलं नाही. सगळा घोळ दुसऱ्या अर्ध्याने केला.

त्यांचे यजमान म्हणजे ड्रायव्हरकाका. चौतीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. बाहेर त्यांना अख्खा रस्ता वाट द्यायचा, घरात ते स्वतः बाजूला सरायचे. त्यांच्या खांद्यावर कायम एक निळा टॉवेल असायचा. कुठेही बसायचं झालं की आधी टॉवेल पसरायचा, मग बसायचं. प्लॅस्टिकवर टॉवेल, टॉवेलवर काका. एवढं करूनही मागून आवाज यायचाच, "अहो, जरा पुढे सरकून बसा, पाठीचा घाम लागतो." काका पुढे सरकायचे. सरकत सरकत ते गेली काही वर्षं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर स्थिरावले होते.

आतल्या खोलीत मोठा पलंग होता आणि त्यावर सहा वर्षांपूर्वी घेतलेली जाडजूड गादी होती. कारखान्यातून आली तशीच ती प्लॅस्टिकमध्ये होती, कोपऱ्यावरच्या छापील लेबलासकट. ती पाहुण्यांसाठी. पाहुणे मुक्कामाला येत नव्हते, ही गोष्ट वेगळी. काका मशीनच्या खोलीत लोखंडी खाटेवर झोपायचे आणि काकू खाली सतरंजीवर. खाटेच्या मधल्या दोन पट्ट्या सुटलेल्या होत्या, त्यामुळे काका झोपले की अर्धे वर असायचे आणि अर्धे खाली. शेवटी त्यांच्या पाठीने हात टेकले. मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी सगळा दोष बसच्या सीटला दिला. खाटेबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नाही.

ऑपरेशन छान झालं. काकू रोज दोन वेळा डबा घेऊन जायच्या, हॉस्पिटलची चादर पायथ्याशी नीट खोचून यायच्या, येता येता औषधांच्या ट्रॉलीला खोळ असती तर किती बरं झालं असतं असा विचारही करायच्या. मंगळवारी काकांना घरी सोडायचं ठरलं. आता रुंद पलंग आणि चांगली गादी हवी, खाटबीट चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. काकूंनी त्यावर तोडगाही काढून ठेवला. गादीचं प्लॅस्टिक काढायचं नाही, त्यावर रबरी कापड, त्यावर जुनी सतरंजी, त्यावर दोन चादरी. एवढ्या बंदोबस्तात गादीला कळणारसुद्धा नाही, की वर कुणी झोपलंय.

शनिवारी संध्याकाळी त्या डबा घेऊन गेल्या तर सिस्टरने त्यांना दारातच थांबवलं.

"काकू, हा पत्ता जरा वाचून देता? मला अक्षर लागत नाहीये. सहा आठवडे पडून राहायचंय ना त्यांना, आमच्यातलं कुणीतरी टाके तपासायला घरी येणार. पत्ता बरोबर हवा."

काकूंनी चष्मा चढवला. अक्षर काकांचंच होतं. पत्ता मात्र त्यांच्या घराचा नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या दिरांचा होता. "हा तर माझ्या दिरांचा पत्ता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही दीर-जाऊबाईंबरोबर राहता का?" सिस्टरने सहज विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

काका उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते. निळा टॉवेल घडी घालून कपाटावर ठेवलेला होता. तो आठ दिवस तिथेच होता, हे काकूंच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"अहो, दादांचा पत्ता का दिलात?"

"दिला खरा," काका म्हणाले. "आज सांगणारच होतो तुला."

"का पण?"

"अगं, सहा आठवडे एका जागी पडायचं म्हणजे काय. औषध सांडणार, पाणी सांडणार. सुरवातीला तर भांडंसुद्धा अंथरुणातच द्यावं लागेल. तुझी गादी खराब होईल. दादाकडे जुनं अंथरूण आहे, त्यावर काही झालं तरी चालतं. तुझ्या जिवाला घोर नको."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर काकूंकडे दहा उत्तरं तयार होती. भांडणात त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. पण काकांच्या बोलण्यात राग औषधालासुद्धा नव्हता. त्यांना खरोखरच काकूंची काळजी वाटत होती. वर ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "इथं झोप मस्त लागते बघ. कुणी ऊठ म्हणत नाही."

"तुमची मर्जी," काकू म्हणाल्या. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो विसळला आणि त्या निघाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. आणि तिथे, सांगायला जड जातं पण झालं ते झालं, काकूंना एकदम हायसं वाटलं. गादी वाचली. रबरी कापड नको, सतरंजी नको, रात्रंदिवस डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला नको. त्यांनी पाय लांब करून चांगला मोठा श्वास सोडला.

दोन थांबे गेले, तेव्हा आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटलं ते त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पाय जवळ घेतले. उरलेला रस्ता त्या मांडीवरच्या डब्याकडे बघत बसल्या. घरी येऊन त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. गादी होती तशी होती, कोपऱ्यावरचं लेबल चकाकत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या रविवारी खरं तर काकूंनी मान ताठ करून चर्चला जायचं होतं. देवापुढे गुडघे टेकायच्या जुन्या उशा फाटल्या होत्या, म्हणून महिला मंडळाने डाळिंबी रंगाचं सुरेख जाड कापड आणलं होतं, आणि चाळीस उशा काकूंनी सेवा म्हणून फुकट शिवून दिल्या होत्या. महिनाभर त्या मशीनवर वाकून होत्या. शनिवारी सकाळीच त्यांनी सगळ्या उशा स्वतः बाकांपुढे मांडल्या होत्या. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी आपल्या मनानं त्यांनी एक जादा गोष्ट केली होती. प्रत्येक उशीवर पारदर्शक प्लॅस्टिक शिवलं होतं, चारी बाजूंनी पायपिंग करून. इतकं छान कापड, गुडघ्यांनी मळायला कितीसा वेळ लागणार?

उपासना सुरू झाली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हे एक उंच, किडकिडीत, सायकलवरून फिरणारे गृहस्थ. त्यांनी उपदेशाला घेतली ती सुगंधी तेलाची कुपी फोडणाऱ्या बाईची गोष्ट. प्रभू जेवायला बसले असताना ती आत आली, आणि तिच्या घरातली सगळ्यात महागाची वस्तू तिने त्यांच्यापुढे फोडून टाकली. पाळक म्हणाले, ती कुपी तिने किती वर्षं जपली असेल कोण जाणे, पण त्या सगळ्या वर्षांत त्या तेलाचा वास कुणालाच आला नव्हता, तिलासुद्धा नाही. फोडली तेव्हा घर भरून गेलं.

काकूंच्या मनात आलं, मी असते तर त्या कुपीला खोळ शिवली असती. झिप मागच्या बाजूला. आणि हे मनात आल्यावर त्यांना हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

मग प्रभुभोजनाआधीची पापकबुली आली. "आता आपण गुडघे टेकू," पाळक म्हणाले, "आणि थोडा वेळ शांत राहू. प्रत्येकाने आपापलं देवाला सांगावं."

सगळ्या मंडळीने गुडघे टेकले, आणि जो काही आवाज झाला! करकर, कचकच, चर्रर्र. एकाने गुडघा हलवला की त्याची उशी बोलायची, ती ऐकून शेजारचा चुळबुळला की त्याची. उन्हाळ्याचे दिवस, उघडे गुडघे प्लॅस्टिकला चिकटायचे आणि सोडवताना चट् वाजायचं. पोरं फिदीफिदी हसायला लागली. निवृत्त मास्तर जरा वजनदार होते, त्यांची उशी गुडघ्यांखालून सटकली आणि ते पुढच्या बाकाखाली कमरेपर्यंत गेले. "अरे देवा!" असं ते जे ओरडले, तीच त्या दिवशीची सगळ्यात मनापासून केलेली प्रार्थना असावी. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सगळे ऑर्गनबाई म्हणत. त्या हसू दाबता दाबता पुढे कोलमडल्या, त्यांचं कोपर पट्ट्यांवर पडलं आणि चर्चभर एक भलताच सूर घुमला.

काकू एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी तो आवाज ओळखला होता. तो त्यांच्या घराचा आवाज होता. घरी रोज तो कानावर पडायचा म्हणून ऐकूच येईनासा झाला होता. इथे चाळीस माणसांच्या गुडघ्यांखालून तो एकदम आला आणि त्यांच्या कानाचे पडदे उघडले. इतकी माणसं देवापुढे वाकायला बघतायत, आणि मध्ये आपलं प्लॅस्टिक आहे. सिस्टरच्या हातातला कागद त्यांच्या डोळ्यांपुढे आला. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस टॉवेल पसरून कडेकडेने बसतोय, आणि मध्ये आपलं प्लॅस्टिक आहे.

'प्रभो,' त्या मनात म्हणाल्या, 'माझा नवरा घरी येत नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं.'

एवढंच. प्रभुभोजनाची, म्हणजे सगळ्यांनी पुढे जाऊन प्रभूच्या नावाची भाकर घ्यायची, वेळ आली तेव्हा त्या जागच्या उठल्याच नाहीत. भाकर घ्यायला हात पुढे करायची त्यांना लाज वाटली.

उपासना संपली, माणसं अंगणात जाऊन मनसोक्त हसली. पाळक मात्र बाकांमधून वाट काढत काकूंपाशी आले आणि शेजारी बसले.

"काकू, उशा फार देखण्या झाल्यात. कापडाचा रंग कोणता म्हणायचा हा?"

"डाळिंबी."

"हां. चकाकीमुळे नीट कळेना."

"मळतील म्हणून घातलं हो ते प्लॅस्टिक."

"मळतील ना," पाळक म्हणाले. "मळू देत की. प्रार्थनेने मळलेली उशी मी तरी कधी टाकायला काढणार नाही."

त्यावर काकूंचा बांध फुटला. त्यांनी सगळं सांगितलं. गादी, पत्ता, बसमधला तो मोठा श्वास. पाळकांनी मध्ये एकदाही 'जाऊ द्या' म्हटलं नाही, त्याबद्दल काकूंना पुढे कित्येक दिवस त्यांचा आदर वाटत राहिला.

"मी वाईट बाई आहे का हो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही घाबरलेल्या बाई आहात," पाळक म्हणाले. "लहानपणी काही मिळालं नाही, म्हणून मिळालेलं संपेल याची भीती वाटते. देणाऱ्यावर तेवढा भरवसा बसलेला नाही अजून. माझाही कधी कधी बसत नाही. त्यासाठीच तर या उशा लागतात." मग ते काकूंकडे वळले. "पण कबूल केलंत ना? मग क्षमा झाली. आता ती क्षमासुद्धा घरी नेऊन कोरी ठेवून देऊ नका. वापरायला काढा."

ते उठून पुढे गेले आणि उरलेल्या भाकरीचा तुकडा घेऊन आले. "तुमचा वाटा राहिलाय."

काकूंनी ओंजळ पुढे केली. तोंडात घालताना दोन कण उशीवर पडले. त्या सवयीने झटकायला वाकल्या, आणि त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी ते कण बोटाने टिपून तोंडात घातले. तेव्हा छातीवर कधीपासून कुणी बसलेलं असावं आणि ते उठून गेलं असावं असं त्यांना वाटलं. त्या खूप रडल्या, आणि रडताना त्यांना फार बरं वाटत होतं. हे बरं वाटणं बसमधल्यासारखं नव्हतं. यात कुणाला बाहेर ठेवलेलं नव्हतं.

दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत काकू आणि ऑर्गनबाई अर्धं अर्धं ब्लेड घेऊन बसल्या आणि चाळीस उशांवरचं प्लॅस्टिक उसवायला लागल्या.

"शिवलंय तरी किती घट्ट, बाई," ऑर्गनबाई करवादल्या. "एक टाका ढिला असेल तर शपथ."

"मग? माझं काम आहे ते."

"ते दिसतंय. मास्तर मात्र म्हणत होते, उशा अशाच राहू द्या. त्यांना म्हणे कित्येक वर्षांत एवढी कळकळीची प्रार्थना जमली नव्हती."

तेव्हा काकू पहिल्यांदा हसल्या. प्लॅस्टिक सुटलेल्या उशीवरून त्यांनी हात फिरवला. महिनाभर शिवत होत्या, पण कापड किती मऊ आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

सोमवारी सकाळी काकूंनी मशीनवर बसायच्या ऐवजी घरातली मोठी कात्री काढली. देवाचं नाव घेतलं आणि आधी पायपुसण्याला हात घातला, कारण धीर चेपायला लहान वस्तू बरी असते. मग खुर्च्या, मग टेबल. मग सोफा. अकरा वर्षांपूर्वीचा फिकट निळा सोफा, त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी कोरी वस्तू. त्यांनी मागची झिप ओढली, धुरकट पडलेलं प्लॅस्टिक सोलून काढलं, आणि त्या मटकन खाली बसल्या.

सोफ्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बुरशीचे काळे डाग होते. आत कोंडलेल्या दमटपणाने कापड खाऊन टाकलं होतं. अकरा वर्षं त्याला कुणाच्या पाठीचा घाम लागू दिला नव्हता, पोरांना हात लावू दिला नव्हता, कुणाला धड टेकू दिलं नव्हतं. आणि तो आतल्या आत, कुणी न वापरता, खराब होऊन बसला होता.

कालच्या आधी हे दिसलं असतं तर काकूंनी अंथरूण धरलं असतं. आज त्या डाग बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि एकट्याच घरात खो खो हसत सुटल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, काय झालं म्हणून. काकूंनी डोळे पुसत सांगितलं, "काही नाही हो. सोफा वारला. या, बसा त्यावर." आणि त्या बाई, बावीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच, आवाज न होता बसल्या.

गादी मात्र काकूंनी शेवटी घेतली. कात्री प्लॅस्टिकला लावली आणि पुन्हा काढली. 'मला जमत नाहीये,' त्यांनी वर बघून सांगितलं, 'तू हात धर.' मग सर्रकन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापत नेलं. परत घालायचा मोह नको, म्हणून त्याचे चार तुकडे केले.

मंगळवारी त्या हॉस्पिटलात गेल्या तेव्हा काका कपडे करून तयार होते, टॉवेल खांद्यावर परत आला होता. दादांची गाडी तासाभरात येणार होती.

"तुम्ही घरी चला," काकू म्हणाल्या.

"नको गं. ठरलंय आता. तुला त्रास होईल."

"होऊ दे."

"आत्ता म्हणशील होऊ दे. मग चादरीवर चादर, आणि मी हललो की तू दारात." काका हसून म्हणाले, पण नजर त्यांनी वळवली. "मला तुला ओरडायला लावायचं नाहीये. या वयात तेवढी ताकद नाही माझ्यात. ऐकून घ्यायची."

काकूंच्या मनात खूप बोलायचं होतं. कुपी, उशा, भाकर, सगळं. त्याऐवजी त्यांनी पिशवी उघडली, आत हात घातला आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा काकांच्या मांडीवर ठेवला. कोपऱ्यावर छापील लेबल होतं.

काकांनी ते लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे गादीचं?"

"हो."

"फाडलंस?"

"कापलं. चार तुकडे केले."

"परत नाही घालता येणार?"

"मलासुद्धा नाही," काकू म्हणाल्या. आणि मग एवढंच, "मी चुकले हो. तुम्ही दादांकडे जाणार म्हणून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. देवाला सांगितलं, आता तुम्हालाही सांगते. घरी चला."

काका बराच वेळ त्या लेबलावरून अंगठा फिरवत राहिले. गर्दीच्या चौकात वळण घ्यावं की थांबावं असा विचार करताना त्यांचा चेहरा असाच होत असेल. मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली.

"सिस्टर, तो पत्त्याचा कागद जरा परत आणता? चुकीचं लिहिलंय मी. आणि दादाला फोन करून सांगायला हवं, येऊ नकोस म्हणून."

काकूंचा जीव भांड्यात पडला.

घरात शिरताना काका पायपुसण्याशी थबकले. मग त्यांनी आधी एक पाय नीट पुसला, मग दुसरा, आणि पुन्हा पहिला. सोफ्याकडे त्यांनी एकवार बघितलं, डागांकडे बघितलं आणि ते पुढे गेले. आतल्या खोलीत गादीवर एकच चादर होती. काकांनी सवयीने टॉवेल खांद्यावरून काढला आणि पसरायला घेतला. काकूंनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि खिडकीच्या गजावर टाकून दिला.

काका हळूहळू, एक एक हाड ठेवावं तसे, आडवे झाले. थोडा वेळ त्यांनी अंग ताठ धरलं होतं. मग सोडलं. कुठेच काही वाजलं नाही.

"अगं, ही मऊ आहे," ते नवलाने म्हणाले.

"मग काय दगडाची आणली होती?"

"मला वाटायचं टणक असेल. वरून एकदा हात लावून बघितला होता. तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

काकू लगबगीने पाणी आणायला गेल्या. काचेच्या कपाटातून त्यांनी एक कोरा पेला काढला, धुतला, भरला. काका कोपरावर उठून पाणी प्यायला लागले. ऑपरेशननंतरचा अशक्त हात, पेला जड. तो कलंडला आणि अर्ध्याहून जास्त पाणी गादीवर सांडलं. चादरीवर ओला डाग पसरायला लागला, उशीपासून थेट कडेपर्यंत.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं," ते घाईने म्हणाले, "टॉवेल दे, टॉवेल दे इकडे."

काकू डागाकडे बघत उभ्या राहिल्या. छातीतून ते नेहमीचं काहीतरी वर येईल म्हणून त्यांनी वाट बघितली. त्या स्वतःच जरा घाबरून वाट बघत होत्या. क्षणभर गेला, आणखी एक गेला. ते आलं नाही.

"वाळेल," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे गदगदायला लागले, पोट हलायला लागलं, आणि चौतीस वर्षं आवाज न चढवलेला तो माणूस मोठमोठ्याने हसायला लागला. ओल्या गादीवर ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही गादीवरच सांडत होतं.

"हसू नका हो," काकू पलंगाच्या कडेला टेकत म्हणाल्या. त्यांचंही हसू आवरत नव्हतं. "टाके उसवतील. ते मला नाही घालता येणार."